खरी झेड-२८ की झेड-२८ चे कपडे घातलेली कॅमारो?

दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत असं समजा. दोन्ही १९६९ च्या शेवरले कॅमारो. दोघींच्या बॉनेटवर आणि डिकीवर दोन-दोन जाड पट्टे, मागे छोटा स्पॉयलर, ग्रिलवर झेड-२८ चा बिल्ला, पंधरा इंची रॅली व्हील. एक गाडी कारखान्यातून झेड-२८ म्हणूनच बाहेर पडली. दुसरी रोजच्या येण्याजाण्यासाठी घेतलेली साधी कॅमारो होती. हा सगळा साज तिला चाळीस वर्षांनी कुणीतरी चढवला. दहा फुटांवरून या दोघींत फरक सांगणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पण बॉनेट उघडलं, टॉर्च घेतला आणि नाक इंजिनाला लागेल इतकं वाकलं, की फरक दिसायला लागतो. तो कुठे दिसतो आणि कुठे चकवतो, तेवढंच इथे सांगायचं आहे. उदाहरण मुख्यतः झेड-२८ चंच घेतो. फसवाफसवीचा अभ्यास करायला याहून चांगली शाळा नाही.

मुळात असा घोळ होतोच का? कारण स्पेशल एडिशन ही बहुतेक वेळा वेगळी गाडी नसतेच. गाडी साधीच, वर कारखान्याने बसवलेल्या सामानाची एक यादी. झेड-२८ हे तर ऑर्डर फॉर्मवरच्या एका पर्यायाचा कोड होता. तोच पुढे नाव होऊन बसला. अमेरिकेतल्या ट्रान्स-अ‍ॅम शर्यतींत इंजिनाला ३०५ घनइंचांची मर्यादा होती. तिच्यात बसेल असं ३०२ घनइंचांचं, म्हणजे साधारण ४.९ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन शेवरलेने जुळवलं. शर्यतीत उतरायचं तर तशी गाडी लोकांनाही विकायला हवी, म्हणून १९६७ मध्ये ती विक्रीला आली. त्या वर्षी ६०२ गाड्या बनल्या, १९६९ च्या मॉडेलपर्यंत आकडा २०,३०२ वर गेला. पोर्शची ९११ कॅरेरा आरएस २.७ अशाच कारणाने जन्मली. शर्यतीच्या नियमाला ५०० गाड्या पुरेशा होत्या. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या मोटर शोमध्ये ती लोकांसमोर आली आणि मागणी अशी वाढली की शेवटी १,५८० बनल्या. निव्वळ मिरवण्यासाठी काढलेल्या आवृत्त्याही असतात. १९६९ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत पेस कार म्हणून, म्हणजे शर्यतीच्या गाड्यांच्या पुढे पळून त्यांना सुरुवात करून देणारी गाडी म्हणून, कॅमारो धावली, आणि तिच्यासारखीच पांढरी, नारिंगी पट्ट्यांची, आत नारिंगी चौकड्यांचं कापड असलेली उघड्या टपाची कॅमारो झेड-११ या कोडखाली ३,६७५ च्या संख्येने विकायला निघाली.

आता गंमत अशी, की त्या यादीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू आज नवी विकत मिळते. पट्टे, बिल्ले, स्पॉयलर, सीटची कापडं, पेस कारच्या दारांवरची अक्षरं, सगळं. इतकंच काय, १९६९ च्या कॅमारोचं अख्खं बॉडी शेल नव्या पत्र्यात बनवून मिळतं. म्हणून जाणकार माणूस उलटीकडून सुरुवात करतो. जो भाग बदलायला जितका सोपा, तितकी त्याची साक्ष हलकी. बिल्ला दोन मिनिटांत बदलतो, म्हणून त्याला शून्य मार्क. बिडाच्या इंजिन ब्लॉकवर ओतशाळेत उठलेली तारीख बदलायची तर ब्लॉकच बदलावा लागतो किंवा घासून पुन्हा भरावं लागतं, म्हणून ती वजनदार.

नंबर काय सांगतो आणि कुठे गप्प बसतो

बहुतेक जण पहिल्यांदा चॅसी नंबर बघतात आणि तिथेच थांबतात. नंबर बघायलाच हवा, फक्त त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते कळलं पाहिजे. आज आपल्याला सवयीचा असलेला सतरा अक्षरांचा नंबर अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने नंबर घालत असे, आणि त्या पद्धतीत किती माहिती कोंबायची हेही तीच ठरवत असे.

पोर्शने बरीच कोंबली. कॅरेरा आरएसचा नंबर ९११३६० ने सुरू होतो. ९११ हे मॉडेल, ३ म्हणजे १९७३ चं मॉडेल वर्ष, आणि ६ हा आकडा आरएसच्या इंजिनाचा. साध्या ९११ टीला, ईला, एसला त्या जागी दुसरे आकडे आहेत. म्हणजे मागे बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर लावून कुणी ९११ टीला आरएस म्हणून उभी केली, तरी नंबरच चुगली करतो. (नंबरच बदलला असेल तर? त्यावर पुढे येतो.)

शेवरले याबाबतीत महाकंजूस. १९६९ च्या कॅमारोचा नंबर बघा: १२४३७९एन, आणि पुढे सहा आकडे. पहिला १ म्हणजे शेवरले. २४ म्हणजे व्ही-८ कॅमारो. सहा सिलिंडरची असती तर तिथे २३ असतं. ३७ म्हणजे कूपे, टप उघडणारी असेल तर ६७. ९ म्हणजे १९६९. एन म्हणजे ओहायोतल्या नॉरवूडचा कारखाना, आणि एन ऐवजी एल असेल तर लॉस एंजेलिस. शेवटचे सहा आकडे अनुक्रमांक, दोन्ही कारखान्यांत ५००००१ पासून सुरू. संपला नंबर. झेड-२८ चा त्यात कुठेही उल्लेख नाही. नंबर १२३ ने सुरू झाला तर गाडी झेड-२८ नाही हे ठामपणे सांगता येतं, कारण ती सहा सिलिंडरचीच होती. १२४ ने सुरू झाला तर फक्त एवढंच कळतं, की असू शकते. झेड-२८ चं सोंग आणणाऱ्याला व्ही-८ ची साधी गाडी का आवडते, ते आता लक्षात येईल.

या प्रकारचं अर्धवट उत्तर पुढे वारंवार भेटणार आहे, म्हणून आत्ताच मनात पक्कं करून ठेवलेलं बरं. बहुतेक खुणा ‘नाही’ सांगायला पक्क्या असतात, ‘हो’ सांगायला कच्च्या. मागचा अ‍ॅक्सल घ्या. १९६९ च्या झेड-२८ ला डिफरन्शियलच्या झाकणावर बारा बोल्टचा मजबूत अ‍ॅक्सल आणि एकावर एक पाट्यांचे पाटे (लीफ स्प्रिंग) होते. साध्या गाडीला दहा बोल्टचा अ‍ॅक्सल आणि एकाच पाटीचा पाटा. गाडीखाली डोकावून बोल्ट मोजायला कुणीही शिकेल. दहा निघाले तर संशय घ्या. बारा निघाले तर हुरळून जाऊ नका, कारण तोच अ‍ॅक्सल मोठ्या इंजिनाच्या दुसऱ्या कॅमारोंनाही होता आणि तो काढून इथे लावणं एका दिवसाचं काम आहे. त्या वर्षी झेड-२८ ला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळतच नव्हता, एअर कंडिशनिंगही नाही. पुढे डिस्क ब्रेक घ्यावेच लागत. एअर कंडिशनिंगच्या जाळ्या असलेली ‘अस्सल’ झेड-२८ समोर आली, की विक्रेत्याची गोष्ट कितीही रंगलेली असली तरी तुमचं निम्मं काम झालं.

फायरवॉलवरची पट्टी

इंजिनाच्या खोलीत, फायरवॉलवर म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर, एक छोटी पत्र्याची पट्टी रिव्हेटने बसवलेली असते. तिच्यावर बॉडी कधी बनली, रंग कोणता, आतलं कापड कोणतं, हे कोडमध्ये लिहिलेलं असतं. तारीख अशी: ०४ए म्हणजे एप्रिलचा पहिला आठवडा, ०४बी म्हणजे दुसरा. रंगाच्या जागी ५० असेल तर डोव्हर व्हाइट, ७२ असेल तर हगर ऑरेंज हा गाजलेला नारिंगी. कापडाच्या जागी ७२० म्हणजे नारिंगी चौकडी.

पेस कारवाल्यांची इथे चैन असते, कारण झेड-११ हा कोड पट्टीवर छापलेलाच असतो. झेड-२८ वाल्यांचं नशीब निम्मं. नॉरवूडच्या कारखान्यात साधारण डिसेंबर १९६८ पासून पट्टीवर एक्सने सुरू होणारे कोड यायला लागले, आणि त्यांतले एक्स-३३ व एक्स-७७ हे झेड-२८ चे. पण त्याआधी बनलेल्या गाड्यांवर काहीच नाही, आणि लॉस एंजेलिसच्या गाड्यांवर तर वर्षभर नाही. त्यामुळे ‘पट्टीवर कोड नाही म्हणजे खोटी’ असं म्हणणारा जितका चुकतो, तितकाच ‘कोड आहे म्हणजे खरी’ म्हणणाराही चुकतो. या पट्ट्या नव्या बनवून विकल्या जातात. म्हणून अक्षरांच्या आधी रिव्हेट बघायचे. त्यांच्या कडेचा रंग तुटलेला आहे का? पट्टीच्या काठाशी फायरवॉलचा रंग एकसारखा बसलाय की खाली जुन्या रंगाची रेघ डोकावतेय? डॅशबोर्डवरच्या नंबरपट्टीचे रिव्हेट तर फुलासारखे, सहा पाकळ्यांचे असतात. शेवरलेची मालक कंपनी जनरल मोटर्स १९६०च्या दशकाच्या मध्यापासून असे रिव्हेट वापरत होती. तिथे साधे गोल डोक्याचे रिव्हेट दिसले की प्रश्न विचारायची वेळ झाली.

इंजिनाच्या पॅडवर दहा मिनिटं

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो या जागेला. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकचा एक छोटासा सपाट भाग बाहेर आलेला असतो, दोन बोटं मावतील एवढा. त्याला पॅड म्हणतात. त्यावर कारखान्याने पंच केलेली अक्षरं असतात. १९६९ च्या झेड-२८ वर ती साधारण अशी दिसतील: व्ही०३११डीझेड. व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०३११ म्हणजे ११ मार्च, आणि डीझेड हा त्या वर्षीच्या ३०२ इंजिनाचा खास कोड. त्याच पॅडवर, किंवा काही गाड्यांत ऑइल फिल्टरजवळ, दुसरा नंबर असतो: १९एन आणि पुढे तेच सहा आकडे, जे गाडीच्या नंबरात आहेत. दोन्ही जुळले तर इंजिन याच गाडीसोबत कारखान्यातून निघालं. ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात ते हेच, आणि जाहिरातीत हे दोन शब्द आले की किंमत लगेच वर सरकते.

म्हणूनच याच जागी सर्वांत जास्त कारागिरी चालते. साधा ब्लॉक घ्यायचा, पॅड मशीनवर घासून कोरा करायचा, हवे ते आकडे पंच करायचे. हे पकडायचं कसं? अक्षरं नका बघू, अक्षरांमागचा पृष्ठभाग बघा. कारखान्यात ब्लॉकचा वरचा सपाट भाग ब्रोच नावाच्या मोठ्या दातेरी अवजाराने एका ओढीत कापला जायचा. त्या ओढीच्या बारीक, सरळ, एकमेकींना समांतर रेघा पॅडवर उरतात. टॉर्च वरून न धरता बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा, म्हणजे त्या उठून दिसतात. कारखान्याचा पंच या रेघांवर बसलेला असतो. अक्षराच्या खोलीपाशी रेघ तुटते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. पॅड नंतर घासलेलं असेल तर रेघा नसतात, किंवा गोल फिरणाऱ्या कटरच्या कमानी दिसतात, किंवा पॉलिश पेपरचे आडवेतिडवे ओरखडे. काही हुशार मंडळी रेघासुद्धा नव्याने ओढतात. पण त्या अक्षरांच्या आतपर्यंत उतरलेल्या दिसतात, किंवा शेजारच्या भागाशी जुळत नाहीत.

अक्षरांकडे नंतर या. कारखान्यात आकडे साच्यात एकत्र धरून ठोकले जात, त्यामुळे ओळ साधारण सरळ आणि अंतर सारखं येतं. एकेक आकडा हाताने ठोकला की त्यांची उंची नाचते. मात्र इथे घाई नको. खऱ्या कारखान्यातही माणसंच होती, दिवसाला शेकडो इंजिनं, शुक्रवारची दुपार. कुठे ठसा हलका पडला, कुठे दोनदा पडला. मी तर म्हणेन, पुस्तकात छापल्यासारखा स्वच्छ ठसा दिसला तर थोडं अजून वाका. त्याच महिन्यातल्या खात्रीच्या गाडीच्या पॅडचा फोटो शेजारी धरून आकड्यांचं वळण ताडून बघणं हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. चाराची चोच, तिनाचं डोकं, नवाचं पोट यांत चोरी लवकर सापडते.

दरम्यान, नंबर न जुळणं म्हणजे लबाडीच असं नाही. ३०२ इंजिन वरच्या आरपीएमवर पळवायला बनलं होतं आणि घेणाऱ्यांनी ते तसंच पळवलं. काही इंजिनं वॉरंटीतच फुटली आणि कंपनीने नवा ब्लॉक दिला. अशा बदली ब्लॉकवर सीई ही अक्षरं आणि पुढे काही आकडे पंच केलेले असतात. सीईवाला ब्लॉक प्रामाणिकपणे दाखवणारा मालक मला खोडखाड केलेल्या ‘मॅचिंग’ गाडीच्या मालकापेक्षा कधीही परवडला.

तारखांची रांग

एक ठसा खोटा मारणं सोपं. पण गाडीत शंभर ठिकाणी तारखा आहेत, आणि त्या सगळ्यांना एका रांगेत उभं करणं फार अवघड. माझ्या मते हीच खरी परीक्षा, आणि ती समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

साधा तर्क आहे. आधी ओतशाळेत ब्लॉक ओतला जातो. मग तो कापून त्यात इंजिन जुळवलं जातं. मग ते इंजिन गाडीच्या कारखान्यात पोचतं आणि बॉडीत बसतं. म्हणजे ओतण्याची तारीख सगळ्यात आधी, जुळवणीची त्यानंतर, गाडीची सगळ्यात शेवटी. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सला जोडणाऱ्या कडेजवळ, बिडातच उठावाने तारीख आलेली असते: सी ४ ९. ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं करत एल म्हणजे डिसेंबर. तेव्हा सी ४ ९ म्हणजे ४ मार्च १९६९. पॅडवर ०३११, म्हणजे ११ मार्च. फायरवॉलच्या पट्टीवर ०३डी, म्हणजे मार्चचा चौथा आठवडा. ही रांग छान लागली. आता पॅडवर ०३११ आणि ब्लॉकवर डी २ ९ निघालं तर? एप्रिलमध्ये ओतलेलं इंजिन मार्चमध्ये जुळवलं, असा त्याचा अर्थ होतो. बाप होण्याआधी मुलाचं बारसं. पॅडवर कुणीतरी हात साफ केलाय.

मग बाकीचे साक्षीदार बोलवा. झेड-२८ वरच्या होली कंपनीच्या कार्ब्युरेटरवर ४०५३ हा नंबर हवा आणि त्याखाली तीन आकड्यांची तारीख: ९३२ म्हणजे १९६९, तिसरा महिना, दुसरा आठवडा. काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यात महिना आणि वर्ष सांगणारी दोन अक्षरं असतात. सिलिंडर हेड, इनटेक मॅनिफोल्ड, अल्टरनेटर, वॉटर पंप, प्रत्येकावर काहीतरी आहेच. या सगळ्या तारखा गाडीच्या तारखेच्या आधीच्या काही आठवड्यांत पडायला हव्यात. एखादा भाग दोन-तीन महिने जुना असेल तरी चालतं, तो कारखान्याच्या कोठारात पडून राहिला असेल. गाडीनंतरचा एकही चालत नाही. तो निदान बदललेला तरी आहे.

एका खड्ड्यात मात्र भलेभले पडतात. १९७० ची नवी कॅमारो लांबली, म्हणून १९६९ चं मॉडेल सप्टेंबर १९६८ पासून थेट नोव्हेंबर १९६९ पर्यंत बनत राहिलं. पट्टीवर १०बी असेल तर तो ऑक्टोबर कोणता, पहिला की दुसरा? पट्टी सांगत नाही, पॅडवरही वर्ष नसतं. तेव्हा गाडीचा अनुक्रमांक बघायचा: ५००००१ च्या आसपास असेल तर पहिला ऑक्टोबर, खूप पुढचा असेल तर दुसरा. ओतीव तारखेतला वर्षाचा आकडाही एकच असतो, ९ म्हणजे १९६९ किंवा १९७९. अशा वेळी ब्लॉकचा ओतीव नंबर आडवा येतो, कारण तो कोणत्या काळात वापरात होता ते ठाऊक असतं.

जिथे नंबरच बदललेला असतो

मिनी कूपर एसचं उदाहरण इथे फार उपयोगी. मॉन्टे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये जिंकणारी ही इवलीशी गाडी. पण मिनीचा पत्रा सडायला उत्सुक, आणि ओळखीची पट्टी रिव्हेटने लावलेली. सडलेल्या एसची पट्टी आणि कागद काढून साध्या मिनीच्या बॉडीवर बसवले की झाली एस. म्हणून जाणकार पट्टी सोडून बाकी सगळं बघतात. एसचे पुढचे डिस्क ब्रेक साडेसात इंची, साध्या कूपरचे सात. चाकांना हवेसाठी भोकं. डिकीत उजवीकडे दुसरी पेट्रोलची टाकी, जी १९६६ च्या सुरुवातीपासून सगळ्या एसना मिळू लागली. आणि इंजिनाला मागच्या अंगाला काढता येतील अशी टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची) झाकणं. साध्या मिनीच्या नंतरच्या १२७५ सीसीच्या ब्लॉकला तिथे भिंतच आहे, झाकण नाही. हे झाकण मला फार आवडतं. आरशाचा तुकडा आणि टॉर्च एवढ्यावर काम होतं. बाकी खात्रीसाठी ब्रिटनमधल्या गेडन इथला ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट जुन्या नोंदवह्यांतून प्रमाणपत्र देतो.

शेल्बी या अमेरिकी कंपनीने फोर्डच्या मस्टँगवरून बनवलेल्या १९६५ च्या जीटी-३५० ची तऱ्हा निराळी. तिथे फोर्डचा नंबर आधीच पंच केलेला, आणि त्याच्यावर शेल्बीने एसएफएम-५ ने सुरू होणारी आपली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठोकलेली. म्हणजे एकाच गाडीला दोन नंबर, एकाखाली एक. फोर्डचा तो नंबर मडगार्डखाली आणखी ठिकाणीही असतो. पट्टी नकली बनवता येते, पण खालच्या नंबरात इंजिनाच्या जागी के हे अक्षर नसेल तर शेल्बीची पट्टी कितीही चमकली तरी गाडी साधी मस्टँगच.

कॅमारोतही असे लपवलेले नंबर आहेत. एक विंडस्क्रीनखालच्या हवेच्या जाळीच्या आत, दुसरा फायरवॉलवर हीटरच्या डब्याच्या आड. त्यासाठी सुटे भाग काढावे लागतात, म्हणून विक्रेते नाक मुरडतात. मोठा व्यवहार असेल तर नाक मुरडू द्या. अमेरिकेत गाडीचा ओळख नंबर बेकायदा बदलणं हा फेडरल गुन्हा आहे, तेव्हा विकत घेणाऱ्याचा आग्रह अगदीच रास्त.

नंबर ज्या पत्र्यावर आहे तो पत्राही हाताखालून घाला. कारखान्याचे स्पॉट वेल्ड म्हणजे ठरावीक अंतरावरच्या गोल, उथळ खळ्या. नंबराचा तुकडा कापून दुसऱ्या बॉडीत जोडला असेल तर त्याच्या चारही बाजूंनी सलग वेल्डिंग असतं, आणि ते घासून वर लांबी (पुट्टी) भरलेली असते. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र सोबत असेल तर तो चौकोन आकड्यांत उभा राहतो: कारखान्याचा रंग साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास, लांबी भरलेल्या जागी यंत्र १,००० च्या पुढे पळतं. यंत्र नसेल तर फडक्यात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक. लांबीवर तो पकड सोडतो.

कागद, आणि फारच सुंदर गाड्या

चांगला कागद सगळ्या कटकटी मिटवतो. शेवरलेच्या त्या काळच्या वॉरंटी पुस्तिकेत प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाची धातूची छोटी पट्टी चिकटवलेली असे. तिच्यावर गाडीचा नंबर, इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलचे कोड उलटे उठवलेले असत, म्हणजे कार्बन कागदावर सुलटे उमटावेत. झेड-२८ साठी ही सोन्याची चीज. कारखान्यात गाडीसोबत फिरणारी सामानाची यादी कधीकधी सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकून राहिलेली सापडते. उंदरांनी कुरतडलेली, तेलकट, पण तिथून निघाली तर लाखमोलाची. अर्थात दोन्हींच्या नव्या नकला बाजारात आहेत. प्लेटवरचे कोड आधी गाडीवरच्या तारखांच्या रांगेशी ताडून बघा. रांगेत बसत नाही तो कागद बिनकामाचा, मग तो कितीही पिवळा असो.

आणि खूपच सुंदर गाडी दिसली तर? रिस्टोरेशन करणाऱ्याने खालचा पत्राही आरशासारखा रंगवलेला असतो. कारखान्याने तसं कधी केलं नव्हतं. खालच्या बाजूला प्रायमर, त्यावर बाजूने उडालेल्या रंगाचे शिंतोडे, तपासनिसाने खडूने ओढलेली रेघ, बोल्टवर रंगाचा ठिपका, अशी ती मूळ गाडी होती. हे शिंतोडे उरलेली, सीट फाटलेली, रंग उडालेली गाडी पाहिली की मला चकचकीत गाडीपेक्षा जास्त विश्वास वाटतो. ज्याने कधी काही उघडलंच नाही, त्याने फसवायला हातही घातलेला नसतो.

आता तुमच्यासमोर अशी गाडी आली, पॅडवर साठ वर्षांचं ग्रीस आणि गंज बसलाय, आणि आकडे वाचायचे आहेत. हात पॉलिश पेपरकडे जाईल, तारेच्या ब्रशकडे जाईल. दोन्ही बाजूला ठेवा. मऊ फडकं घ्या, थोडं केरोसिन किंवा ग्रीस विरघळवणारं द्रावण लावा, दहा मिनिटं मुरू द्या, हलक्या हाताने पुसा, पुन्हा लावा. मग टॉर्च बाजूने धरून, मोबाइल पॅडला समांतर ठेवून पाच-सहा फोटो काढा. प्रकाश डावीकडून, उजवीकडून, वरून. पॉलिश पेपरच्या दोन फटकाऱ्यांत ब्रोचच्या रेघा नाहीशा होतात, आणि मग खऱ्या झेड-२८ चं पॅडसुद्धा खोट्यासारखं दिसायला लागतं.